भेग नवी, प्रतिक्रिया जुनी : यँकी स्टेडियमच्या काँक्रीटचा इतिहास

१/
२००९ च्या ऑक्टोबर महिन्याचा उत्तरार्ध. न्यू यॉर्कच्या ब्राँक्स विभागातील नवे यँकी स्टेडियम सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. खर्च होता सुमारे दीड अब्ज डॉलर. यँकीज हा बेसबॉल संघ अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर होता आणि शहर उत्साहात होते. त्याच दिवसांत ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की प्रेक्षकांना वरच्या मजल्यांवर नेणाऱ्या काँक्रीटच्या उतारमार्गांना, म्हणजे रॅम्पना, भेगा पडल्या आहेत.

२/
संघाच्या वतीने सांगण्यात आले की भेगा वरवरच्या असून इमारतीच्या मजबुतीला धोका नाही. कारण शोधण्यासाठी अभियंते नेमले आहेत. कोणी जखमी झाले नव्हते. एकही सामना रद्द झाला नव्हता. तरीही ही बातमी लोकांच्या मनाला झोंबली. भेगांची रुंदी पाहून या अस्वस्थतेचे कारण सापडत नाही. त्यासाठी शहराच्या सुमारे नव्वद वर्षांच्या आठवणींत डोकवावे लागते. भेग नवी होती, तिच्यावरची प्रतिक्रिया मात्र जुनी होती. आजचा हा धागा त्या प्रतिक्रियेच्या इतिहासाविषयी.

३/
आधी थोडे काँक्रीटविषयी. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे हे मिश्रण दाब उत्तम सोसते, ताण मात्र फार थोडा सोसते. म्हणूनच त्यात पोलादी सळया घालतात. ओतलेले काँक्रीट वाळू लागले की त्यातील जादा पाणी उडून जाते आणि ते किंचित आक्रसते. सळया, शेजारचे खांब आणि तुळया त्याला मोकळेपणी आक्रसू देत नाहीत, आणि मग पृष्ठभागावर बारीक भेगा उमटतात. ऊन, थंडी आणि वर्दळ यांचीही त्यात भर पडते. त्यामुळे भेग दिसली म्हणजे इमारत कमकुवत, असे अनुमान शास्त्राला मान्य नाही. भेग किती रुंद आहे, किती खोल आहे, ती वाढते आहे की थांबली आहे, पाणी सळईपर्यंत पोहोचते आहे का, हे अभियंता पाहतो.

४/
पण ही झाली अभियंत्याची नजर. सामान्य प्रेक्षकाला भेग दिसते, तिच्या आत काय आहे ते दिसत नाही. त्याच्या वतीने ते पाहण्यासाठी समाजाने एक व्यवस्था उभी केली आहे. आपल्याकडे स्लॅब ओतताना त्याच मिश्रणाचे छोटे ठोकळे भरून ठेवतात. बांधकामावरचे लोक त्यांना ‘क्यूब’ म्हणतात. सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्राखाली चिरडून ताकद मोजली जाते. अमेरिकेत ठोकळ्याऐवजी दंडगोल वापरतात, तत्त्व तेच. सही झालेला तो अहवाल म्हणजे, ज्यांना काँक्रीटच्या पोटात डोकावता येत नाही त्या हजारो अनोळखी माणसांना दिलेला शब्द असतो. आपल्या कथेत हा अहवाल पुढे पुन्हा येणार आहे.

५/
आता मूळ यँकी स्टेडियमकडे, म्हणजे १९२२ सालाकडे वळू. काँक्रीट हे तेव्हा नव्या युगाचे द्रव्य होते आणि त्याचा एक मोठा पुरस्कर्ता होता विजेच्या दिव्यामुळे जगप्रसिद्ध झालेला थॉमस एडिसन. लोहखनिज दळून वेगळे करण्याच्या उद्योगात त्याला मोठा तोटा झाला होता. खडक भरडण्याची ती अवाढव्य यंत्रे वाया जाऊ नयेत म्हणून त्याने १८९९ मध्ये सिमेंटची कंपनी काढली. अखंड ओतीव घरे, इतकेच नव्हे तर काँक्रीटचे घरगुती सामानही बनवता येईल, असे स्वप्न तो पाहत असे. ती घरे फारशी चालली नाहीत. मात्र ब्राँक्समध्ये उभ्या राहणाऱ्या भव्य स्टेडियमसाठी त्याच्या कंपनीचे सिमेंट निवडले गेले.

६/
संघाचा मालक जेकब रुपर्ट हा बिअरचा श्रीमंत कारखानदार. त्याने स्टेडियम खासगी पैशातून बांधले. खर्च सुमारे पंचवीस लाख डॉलर. अवघ्या २८४ कामाच्या दिवसांत ते उभे राहिले आणि १८ एप्रिल १९२३ रोजी तेथे पहिला सामना झाला. बोस्टन रेड सॉक्सविरुद्धच्या त्या सामन्यात बेब रूथने होमरन मारली आणि यँकीज ४–१ असे जिंकले. पुढे हे स्टेडियम न्यू यॉर्ककरांच्या अभिमानाचा भाग झाले. एडिसनच्या काँक्रीटच्या भिंती इतक्या पक्क्या होत्या की १९७० च्या दशकातील नूतनीकरणात त्यांना हात लावला गेला नाही, असे आजही सांगतात. काँक्रीटविषयीची शहराची पहिली आठवण ही अशी विश्वासाची आहे.

७/
मात्र त्या पहिल्या दिवसाचीच एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. उपस्थिती चौऱ्याहत्तर हजारांहून अधिक असल्याचे जाहीर झाले आणि वृत्तपत्रांनी तो आकडा छापला. पुढे संघाच्या व्यवस्थापकांनीच मान्य केले की प्रत्यक्षात साठ हजारांच्या आसपास लोक असावेत. त्यात कोणाचे नुकसान झाले नाही, कोणी रागावलेही नाही. आनंदाच्या दिवशी फुगवलेला आकडा लोक हसून सोडून देतात. मात्र जाहीर आकडा आणि खरा आकडा यांत अंतर असू शकते, ही गोष्ट या स्टेडियमच्या जन्मापासूनची आहे.

८/
पन्नास वर्षांनी चित्र पालटले. ब्राँक्सचा दक्षिण भाग गरिबीत रुतत चालला होता आणि यँकीज शहर सोडून जातील अशी भीती होती. महापौर जॉन लिंडसे यांच्या कारकिर्दीत, १९७२ मध्ये, शहराने स्टेडियम ताब्यात घेऊन त्याचे नूतनीकरण करण्याचे ठरवले. सुरुवातीचा अंदाज होता २ कोटी ४० लाख डॉलर. एप्रिल १९७६ मध्ये स्टेडियम पुन्हा उघडले तेव्हा खर्च १० कोटी डॉलरच्या घरात गेला होता. हा पैसा आता कारखानदाराचा नव्हता, करदात्यांचा होता.

९/
या दोन तारखांच्या मधोमध १९७५ हे वर्ष येते, आणि त्या वर्षी न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर पोहोचले होते. पोलीस, शिक्षक, सफाई कामगार यांच्या नोकऱ्यांवर कुऱ्हाड कोसळत होती. स्टेडियमच्या भोवतालच्या वस्त्यांत रिकाम्या इमारती जळत होत्या. १९७७ च्या अंतिम मालिकेतील सामना दाखवता दाखवता दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याने जवळच लागलेली आग देशभर दाखवली. चकचकीत स्टेडियम आणि त्याच्या पलीकडे धूर, हे दृश्य एका पिढीच्या मनावर कोरले गेले. येथून पुढे यँकी स्टेडियमच्या काँक्रीटबरोबर एक प्रश्न कायमचा जोडला गेला : पैसा कोणाचा आणि लाभ कोणाचा?

१०/
दुसरी आठवण गुन्हेगारीची. १९८० च्या दशकात न्यू यॉर्कमध्ये काँक्रीटचा धंदा काही प्रमाणात माफियांच्या मुठीत होता. तपासयंत्रणांनी या व्यवस्थेला ‘काँक्रीट क्लब’ म्हटले. वीस लाख डॉलरहून मोठी काँक्रीटची कामे कोणत्या कंत्राटदाराला मिळावीत हे माफिया कुटुंबे ठरवत आणि कामाच्या किमतीचे दोन टक्के स्वतःकडे घेत. बोली लावायची ती केवळ देखाव्यापुरती. शहरातील उंच इमारतींच्या किमतीत हा अदृश्य कर मिसळलेला होता, आणि तो शेवटी भाडेकरू, खरेदीदार आणि करदाता यांच्याच खिशातून जात होता.

११/
१९८५–८६ मधील गाजलेल्या ‘कमिशन’ खटल्यात ही व्यवस्था न्यायालयात उघडी पडली. नोव्हेंबर १९८६ मध्ये माफिया कुटुंबांचे प्रमुख दोषी ठरले. हा खटला उभा करणाऱ्या संघराज्याच्या सरकारी वकिलाचे नाव होते रुडॉल्फ जुलियानी. हेच पुढे शहराचे महापौर झाले. खटला संपला, पण भाषेत त्याचा ठसा राहिला. न्यू यॉर्कच्या विनोदांत ‘काँक्रीट’ हा शब्द आला की त्यामागे गुंडांची सावली आपोआप येऊ लागली. लोक हसत होते, पण त्या हसण्यामागे अनुभव होता.

१२/
तिसरी आठवण १३ एप्रिल १९९८ ची. स्टेडियमचा पंचाहत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. संध्याकाळच्या सामन्याआधी काही तास, वरच्या सज्जाखालील सांध्याचा सुमारे ५०० पौंड वजनाचा, म्हणजे सव्वादोनशे किलोंहून जड, पोलादी तुकडा खालच्या एका खुर्चीवर कोसळला. स्टेडियम रिकामे होते म्हणून अनर्थ टळला. तो सामना रद्द झाला. दोन दिवसांनी यँकीजना आपला सामना मेट्स या शहरातील दुसऱ्या संघाच्या शिया स्टेडियमवर खेळावा लागला. त्याच संध्याकाळी मेट्सही तेथेच खेळले.

१३/
या वेळी लोकांची प्रतिक्रिया दुहेरी होती. भीती तर होतीच. रोज हजारो लोक जेथे बसतात तेथेच तो तुकडा पडला होता. पण भीतीच्या पाठोपाठ संशयही आला. संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर बरीच वर्षे नव्या स्टेडियमची मागणी करत होते आणि महापौर जुलियानी त्यांचे उघड चाहते होते. मॅनहॅटनच्या पश्चिम भागात नवे स्टेडियम बांधण्याची चर्चा जोरात असतानाच जुन्या स्टेडियमचा तुकडा पडावा, हे अनेकांना फारच सोयीचे वाटले. तुकडा मुद्दाम पाडला गेल्याचा कोणताही पुरावा नव्हता. तरीही असा संशय सहज सुचावा, यातच नागरिक आणि सत्ता यांच्यातील नात्याची अवस्था दिसते.

१४/
जुलियानी यांनी पद सोडता सोडता, डिसेंबर २००१ मध्ये, दोन्ही संघांसाठी नव्या स्टेडियमचे करार पुढे रेटले; नवे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी ते लगेच बाजूला ठेवले. पुढे त्यांच्याच कारकिर्दीत वेगळी योजना आली : नवे स्टेडियम ब्राँक्समध्येच, जुन्याच्या शेजारी, रस्त्यापलीकडे बांधायचे. पण रस्त्यापलीकडची जागा रिकामी नव्हती. तेथे मॅकोम्ब्स डॅम पार्क आणि जॉन मुलाली पार्क ही सार्वजनिक उद्याने होती. वीस एकरांहून अधिक हिरवी जागा, धावण्याचा मार्ग, मुलांची मैदाने आणि शेकडो मोठी झाडे तेथे होती. जून २००५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती जागा स्टेडियमसाठी मोकळी करणारा कायदा काही दिवसांतच संमत केला.

१५/
परिसरातील रहिवासी अस्वस्थ झाले. हा अमेरिकेतील अत्यंत गरीब भागांपैकी एक, दम्याचे प्रमाण जास्त, आणि त्यांच्या वाट्याची झाडेच तोडली जाणार होती. स्थानिक सल्लागार मंडळाने नोव्हेंबर २००५ मध्ये योजनेच्या विरोधात मत दिले. नागरिकांनी न्यायालयातही धाव घेतली. परंतु मंडळाचे मत केवळ सल्ल्यापुरते होते. एप्रिल २००६ मध्ये नगर परिषदेने मोठ्या बहुमताने योजना मंजूर केली आणि ऑगस्टमध्ये भूमिपूजन झाले. स्टेडियमसाठी पुढे एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे करमुक्त रोखे काढण्यात आले. अशा रोख्यांच्या व्याजावर कर नसतो. म्हणजे सरकार जो महसूल सोडून देते तोही एका अर्थाने जनतेचाच वाटा असतो.

१६/
बांधकाम चालू असताना घडलेला एक प्रसंग गमतीचा वाटतो, पण बोलका आहे. प्रतिस्पर्धी रेड सॉक्स संघाचा चाहता असलेल्या एका कामगाराने त्या संघातील डेव्हिड ऑर्टिझ या खेळाडूची जर्सी ओल्या काँक्रीटमध्ये पुरून ठेवली. यँकीजला शाप लागावा, हा हेतू. वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर संघाने ती जागा शोधली, सुमारे पाच तास फोडकाम करून दोन फूट काँक्रीटखालून १३ एप्रिल २००८ रोजी ती जर्सी बाहेर काढली. जुन्या स्टेडियममधला तुकडा पडला त्याला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे झाली होती. जर्सीचा लिलाव होऊन १,७५,१०० डॉलर धर्मादाय कामाला मिळाले. काँक्रीटच्या पोटात काय दडले आहे, याची चौकशी शहराने त्या आठवड्यात अत्यंत उत्साहाने केली.

१७/
त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला अधिक गंभीर गोष्ट बाहेर आली. मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थाउ यांच्या कार्यालयाने ‘टेस्टवेल लॅबोरेटरीज’ या कंपनीवर आरोपपत्र ठेवल्याचे जाहीर केले. ही शहरातील एक आघाडीची काँक्रीट-चाचणी कंपनी. आरोप असा की काही चाचण्या न करताच त्यांचे अहवाल दिले गेले आणि काहींचे निकाल बदलले गेले. तिच्या कामांच्या यादीत वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागी उभा राहणारा नवा मनोरा होता आणि नवे यँकी स्टेडियमही होते.

१८/
आता वर सांगितलेला दंडगोल आठवावा. कंत्राटदार चुकला, मिश्रणात पाणी जास्त झाले, काँक्रीट पोहोचायला उशीर झाला, तर ते पकडण्यासाठीच चाचणी असते. चूक करणारा आणि चूक पकडणारा हे दोघे वेगळे असावेत, यावर सगळी मदार असते. चाचणीच कागदावरची ठरली, तर इमारत कच्चीच असेल असे नाही. ती पक्कीही असू शकते. पण ती पक्की आहे असे म्हणण्याचा आधार नाहीसा होतो. शहराच्या बांधकाम विभागाने संबंधित इमारतींची फेरतपासणी हाती घेतली आणि तातडीचा धोका नसल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. तरीही त्या दिवसापासून ‘तपासून पाहिले आहे’ या वाक्याचे वजन घटले.

१९/
मधल्या काळात जगही बदलले होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली. सहा दिवसांनी, २१ सप्टेंबरला, जुन्या स्टेडियममध्ये शेवटचा सामना झाला. १६ एप्रिल २००९ रोजी नव्या स्टेडियममध्ये पहिला अधिकृत सामना खेळला गेला आणि यँकीज क्लीव्हलँडकडून १०–२ असे हरले. पुढच्या रांगांतील काही खुर्च्यांचा दर एका सामन्यासाठी २,५०० डॉलर ठेवला होता. मंदीत त्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या आणि दूरचित्रवाणीवर रोज दिसू लागल्या. एप्रिल संपता संपता संघाने त्यातील काही दर निम्म्यावर आणले. शेजारच्या वस्तीला मात्र तोडलेल्या उद्यानांच्या बदल्यात मिळावयाची नवी उद्याने अजून मिळाली नव्हती.

२०/
ऑक्टोबर २००९ ची बातमी अशा जमिनीवर पडली. शिवाय त्या वृत्तात दोन तपशील होते. भेगा पडलेले उतारमार्ग ज्या कंपनीने बांधले तिच्यावर माफियांशी संबंध असल्याचे आरोप पूर्वी झाले होते. कंपनीने ते फेटाळले होते. आणि काँक्रीटच्या मिश्रणाची आखणी व चाचणी करणारी कंपनी होती तीच, आरोपपत्र झेलणारी टेस्टवेल. वाचकाच्या मनात एका क्षणात सगळे जोडले गेले : काँक्रीट क्लब, १९९८ चा तुकडा, करमुक्त रोखे, तोडलेली झाडे, अडीच हजार डॉलरची खुर्ची. काहींनी माफियांवरचे जुने विनोद नव्याने केले. काहींनी करदात्याच्या पैशांचा हिशेब मागितला. ज्यांची मैदाने गेली होती त्यांच्या दृष्टीने भेगा ही त्या व्यवहारातील शेवटची बाब होती, पहिली नव्हे.

२१/
आणि मग विस्मरणाची लाट आली. ४ नोव्हेंबर २००९ रोजी याच स्टेडियममध्ये यँकीजने फिलाडेल्फियाला हरवून सत्ताविसावे अजिंक्यपद मिळवले. विजयाच्या मिरवणुकीत भेगांची चर्चा मागे पडली. फेब्रुवारी २०१० मध्ये ज्यूरीने टेस्टवेलला दोषी ठरवले. त्यात वापरलेला कायदा लक्षणीय आहे : संघटित गुन्हेगारीला आळा घालण्यासाठी न्यू यॉर्क राज्याने १९८६ मध्ये केलेला, म्हणजे काँक्रीट क्लबच्या खटल्याच्याच वर्षातला कायदा. एके काळी बंदुकीच्या धाकाने चालणारा अपहार आता प्रयोगशाळेच्या कागदावरून चालू शकतो, हे त्या निकालाने अधोरेखित केले. २०११ मध्ये शहरातील आणखी एका चाचणी कंपनीवर तशाच स्वरूपाचे आरोप ठेवले गेले.

२२/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे सावध राहणे आवश्यक आहे. खोट्या चाचण्यांमुळे त्या भेगा पडल्या, असे म्हणणे चुकीचे ठरेल. भेगांचे कारण रचना, ओतकाम, मिश्रण यांपैकी काय हे संघ तपासत होता. बातमीतही तसा थेट दावा नव्हता. दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण होत नाही. समाजमाध्यमांवर आपण सर्वाधिक घाई येथेच करतो. पुलाचा, मैदानाचा किंवा इमारतीचा भेगाळलेला फोटो येतो आणि पाच मिनिटांत निकाल लागलेला असतो. भेगेवर असा निकाल देता येत नाही. तिच्याकडे मोजपट्टी घेऊनच जावे लागते.

२३/
तरीही लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे ही त्याहून मोठी चूक. १९२३ च्या न्यू यॉर्ककरांनी काँक्रीट पाहून अभिमान बाळगला, १९९८ च्या न्यू यॉर्ककरांनी संशय घेतला आणि २००९ च्या न्यू यॉर्ककरांनी हिशेब मागितला. या प्रवासात लोकांचे काँक्रीटविषयीचे ज्ञान फारसे बदलले नव्हते. बदलला होता तो त्यांच्या गाठीशी असलेला अनुभव. चौपट झालेला खर्च, लुटीच्या धंद्याचा खटला, बंधनकारक नसल्यामुळे बाजूला पडलेले स्थानिक मत, न केलेल्या चाचण्यांचे अहवाल या गोष्टी नोंदलेल्या आहेत. तांत्रिक बाबतीत लोकांचा अंदाज चुकला असेल. व्यवस्थेविषयीची त्यांची शंका मात्र निराधार नव्हती.

२४/
म्हणून सार्वजनिक प्रतिक्रिया हेही इतिहासाचे साधन आहे. अभियंत्याचा अहवाल इमारतीची अवस्था सांगतो, प्रतिक्रिया विश्वासाची अवस्था सांगते. दोन्ही वाचावे लागतात आणि एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. ‘भेगा वरवरच्या आहेत’ हे स्पष्टीकरण तंत्रदृष्ट्या खरे असले, तरी ऐकणाऱ्याने गेल्या चाळीस वर्षांत ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य किती वेळा ऐकले आहे, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. विश्वास तुटला की खरे विधानसुद्धा सारवासारव वाटू लागते. हे नुकसान दुरुस्तीच्या खर्चात कोठेही धरले जात नाही.

२५/
जुने स्टेडियम २०१० मध्ये पूर्णपणे पाडण्यात आले. त्या जागी ‘हेरिटेज फील्ड’ हे सार्वजनिक मैदान एप्रिल २०१२ मध्ये खुले झाले. पर्यायी उद्यानांचा एक भाग तर वाहनतळाच्या छपरावर करण्यात आला. २००६ मध्ये झाडे तुटली तेव्हा आठ वर्षांचे असलेले मूल हे मैदान मिळेपर्यंत चौदा वर्षांचे झाले होते. त्याचे खेळण्याचे वय बांधकामाच्या आवाजात गेले. भेगा बुजवता येतात. मुलाची ती सहा वर्षे कोणत्याही कंत्राटात भरून देता येत नाहीत.

२६/
पुढच्या वेळी एखाद्या नव्या वास्तूला भेग पडल्याची बातमी वाचाल, तेव्हा चार प्रश्न विचारून पाहा. चाचणी कोणी केली आणि तिचे पैसे कोणी दिले? मूळ अंदाज किती होता आणि शेवटचा खर्च किती झाला? जागा आधी कोणाच्या वापरात होती? आणि आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे बंधनकारक होते की केवळ सल्ल्यापुरते? उत्तरे मिळतील तशी नोंदवून ठेवा, तारखांसह. फोटोतली भेग एका क्षणात दिसते. हे चार तपशील शोधायला वेळ लागतो, आणि इतिहासाचे काम तेथूनच सुरू होते.